क्लॅट रँक २२१४, डोमिसाइल मध्य प्रदेश: जबलपूर, घराजवळचं कॉलेज की ड्रॉप?

राजेंद्रनगरची_आई | १० डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृतींच्या विभागात असते. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

धाकट्यानं १ तारखेला क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) दिली. निकाल आला: ७७.७५ गुण, ऑल इंडिया रँक २२१४. खुला वर्ग, डोमिसाइल मध्य प्रदेश.

डोमिसाइलवरून आमच्याकडे आधीच एक अंक होऊन गेलाय. फॉर्म भरताना पोरानं आतून ओरडून विचारलं, "आपण कुठले?" सासरे, म्हणजे नाना, झोपाळ्यावर. ते म्हणाले, "राजापूर, जिल्हा रत्नागिरी." झालं, यानं महाराष्ट्र निवडलं! राजापूर नानांच्या आजोबांनी सोडलं, होळकरांच्या नोकरीला इंदुरात आले. त्यानंतर आमच्यातलं कोणी तिकडे देवदर्शनापलीकडे गेलेलं नाही. क्लासच्या सरांनी फॉर्मची प्रिंट मागितली म्हणून मुदतीच्या आत दुरुस्ती झाली. मग लोकसेवा केंद्रातून मूल निवासी प्रमाणपत्र काढलं. ते लॅमिनेट करून देवघरात ठेवलंय.

आता प्रश्न. भोपाळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ (एनएलआययू) या रँकला अवघड दिसतंय. जबलपूरचं विधी विद्यापीठ राज्याच्या कोट्यातून लागेल असं सर म्हणतात. दुसरीकडे, घरापासून वीस मिनिटांवर एक खासगी कॉलेज आहे, पाच वर्षांचं बीए एलएलबी. तिथल्या मॅडम दिवसाआड फोन करतात, "सीट होल्ड करून ठेवलीये, आठवड्यात पैसे भरा." नवऱ्याचं म्हणणं एक वर्ष ड्रॉप घेऊ दे, थांबून परत परीक्षा देऊ दे. नानांचं म्हणणं, वकिली इंदुरातच करायची तर जबलपूरला धुणं वाळत घालायला कशाला जायचं.

मी नेटवरून पाच वर्षांच्या कटऑफचा तक्ता केलाय. जितका बघते तितकी डोकेदुखी वाढते. एकाच कॉलेजचा शेवटचा रँक एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली. कुणी उलगडून सांगेल का?

---

गराडू | १० डिसेंबर

अभिनंदन ताई! आज सराफ्याच्या खाऊगल्लीत मुलाला तळलेल्या गराडूच्या दोन प्लेटी माझ्यातर्फे. सीझन चालू आहे.

(कायद्यातलं शून्य कळतं, पण "सीट होल्ड केलीये" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नये एवढं प्लॉटच्या धंद्यात शिकलोय.)

---

पॅसेजवाला | १० डिसेंबर

मी गीता भवनाजवळ क्लॅटच्या मुलांना शिकवतो, कुठल्या क्लासात ते सोडून द्या. तक्त्याबद्दल बोलतो.

गुणांचा रकाना आधी खोडा. २०१९ पर्यंत हा पेपर २०० प्रश्नांचा होता. २०२० ला १५० प्रश्न झाले आणि सगळा पेपर उताऱ्यांवर आला. डिसेंबर २०२३ पासून १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. त्यातून दर वर्षी काठिण्य वेगळं. एका वर्षीचे ७८ आणि दुसऱ्या वर्षीचे ७८ म्हणजे एका दुकानाचा शेर आणि दुसऱ्याचा किलो.

रँकचा रकाना बरा, पण त्याच्या शेजारी तुम्ही एक रकाना केलेला नाही, आणि तो कोणीच करत नाही: त्या वर्षी जागा किती होत्या? बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल वर्षानुवर्षं ८० मुलं घ्यायचं. २०२० नंतर तिथे जागा टप्प्याटप्प्यानं वाढवल्या, आज तिपटीच्या खाली नाहीत. तरी खुल्या जागा साधारण पहिल्या शंभर-सव्वाशे रँकमध्ये संपतात. आता वरच्या कॉलेजनं शंभर खुर्च्या जास्त टाकल्या की काय होतं? जी शंभर मुलं हैदराबादला किंवा कोलकात्याला गेली असती ती बंगळुरूला बसतात, त्यांच्या जागी खालची सरकतात, आणि हे सरकणं भोपाळ-जबलपूरपर्यंत पोचतं. २०२३ पासून दिल्ली विद्यापीठाचा पाच वर्षांचा कोर्सही क्लॅटवर आला, १२० जागा. परत सगळी रांग हलली. तुमच्या तक्त्यात हे सगळं "कटऑफ घसरला" म्हणून दिसतं, आणि आईबाप समजतात कॉलेज बिघडलं.

पन्नास हजारांहून जास्त मुलं बसतात, त्यांत २२१४ हा वाईट रँक नाही. राज्याच्या कोट्याची यादी वेगळी लागते, तुम्हाला तीच बघायची आहे. मध्य प्रदेशात आपल्याकडे दोन विधी विद्यापीठं: भोपाळ १९९७ चं, जबलपूर २०१८ मध्ये सुरू झालेलं. दोन्हीकडे मूल निवासी मुलांना आरक्षण आहे. म्हणजे देवघरातला तो कागद बरोबर जागी आहे.

---

जुनाकोट | ११ डिसेंबर

इंदूर खंडपीठात तीस वर्षं झाली. नानांच्या बाजूनं आणि विरुद्धही बोलतो.

बाजूनं: इंदुरात शिकून मोठे झालेले वकील कमी नाहीत. कोकजे साहेब इथेच वकिली करून उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, पुढे हिमाचलचे राज्यपाल. सुमित्राताई महाजन इंदूर विद्यापीठाच्या एलएलबी. यांच्या वेळी क्लॅट नव्हती, रँक नव्हता, कोणाचं अडलं नाही.

विरुद्ध: ते कॉलेजमुळे घडले असं त्यांच्या पिढीतला कोणीही म्हणणार नाही. माझंच सांगतो. तीन वर्षांचं एलएलबी, सकाळी सातचा वर्ग. माझा रोल नंबर १४३. हजेरीपट जाडजूड आणि समोर बाकांवर वीस-बावीस जण, त्यातले चार झोपलेले. एका सरांनी करार कायदा वर्षभर शिकवला आणि शेवटच्या दिवशी मला विचारलं, "आप किस के साथ आए हैं?" त्यांना वाटलं मी कोणाचा तरी पाहुणा. कायदा मी सीनियरांच्या चेंबरमध्ये शिकलो, फायलींना नाडी बांधता बांधता.

म्हणून ताई, रँकचा विचार झाला असेल तर तुकडीचा करा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एका तुकडीत जास्तीत जास्त ६० मुलं आहेत, आणि एका वर्षाला साधारण दोन ते पाच तुकड्या मंजूर होतात. म्हणजे कागदावर एक कॉलेज एका वर्षी ३०० मुलं घेऊ शकतं, सगळं नियमात. त्या फोनवाल्या मॅडमना सरळ विचारा: तुकड्या किती मंजूर आहेत, गेल्या वर्षी भरल्या किती, आणि त्या सगळ्यांना शिकवणारी पूर्णवेळ माणसं किती. वर्गात ६० आणि शिक्षक पाचही तुकड्यांना एकच, तर त्या साठाला काय अर्थ!

हजेरीचंही विचारा. नियमात ७० टक्के आहे. "हजेरीचं टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

---

राजेंद्रनगरची_आई | ११ डिसेंबर

जुनाकोट काका, विचारलं! मॅडम म्हणाल्या, "मॅम, स्ट्रेंथ अच्छी है." परत विचारलं किती. "बहुत अच्छी." तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या की पाच तुकड्या आहेत आणि काळजी करू नका, बसायला जागा होते, "सारे बच्चे एक साथ कहाँ आते हैं."

नाना शेजारीच होते, फोन स्पीकरवर. काही बोलले नाहीत, पण झोपाळा थांबला.

---

पुणेकर_पाहुणा | १२ डिसेंबर

पुण्याचा विचार का नाही करत? आयएलएस १९२४ चं कॉलेज आहे. मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) तर १८५५ चं. महाराष्ट्राची सीईटी द्या, उणे गुण नाहीत, आणि मराठी मुलगा पुण्यात रमेल.

---

राजेंद्रनगरची_आई | १२ डिसेंबर

पाहुणे, मराठी मुलगा पुण्यात रमेल हो, पण पुण्याच्या यादीत तो "महाराष्ट्राबाहेरचा"! ८५ टक्के जागा तिथल्या मुलांना, उरलेल्या १५ टक्क्यांत अख्ख्या देशाबरोबर आमचा राजापूरकर. नानांना हे सांगितलं तेव्हा ते जेवणावरून उठले.

आणि गंमत म्हणजे ती सीईटी मराठीतही देता येते. आमचा हा घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. "वादी-प्रतिवादी" म्हटलं तर त्याला गाण्यातले वादी-संवादी आठवतात. मराठीत पेपर दिला तर दोन्ही रँक जातील.

---

अलकापुरी_बडोदे | १२ डिसेंबर

हे अगदी आमच्या घरातलं. गायकवाडांच्या वेळेपासून बडोद्यात, गुजरातच्या कॉलेजात प्रवेशाला काही अडचण नाही, पण महाराष्ट्राच्या दारात गेलं की बाहेरचे. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानं इंजिनीअरिंगच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. संस्थानांमागून बाहेर पडलेल्यांचा विचार कोणी केला नाही. असो, राजकारण नको.

उपयोगाचं एवढंच: अहमदाबादचं निरमा विद्यापीठ क्लॅटचा स्कोअर धरतं. फी जास्त आहे, पण यादीत नाव असू द्या.

---

तिसऱ्या_वर्षात | १३ डिसेंबर

मी इंदूरचाच (लोकमान्य नगर), एका एनएलयूत (राष्ट्रीय विधी विद्यापीठात) तिसऱ्या वर्षाला. कुठल्या ते नको, ज्युनियर लोक वाचतात.

छोट्या तुकडीचं सगळेच कौतुक करतायत, पण छोट्या तुकडीत लपायला जागा नसते. पहिल्या सेमिस्टरला टॉर्ट्सच्या तासाला सर खटल्याचं नाव घ्यायचे आणि थेट माझ्याकडे बघायचे, कारण मी आदल्या दिवशी वाचलं नव्हतं हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. दोन महिने पोटात गोळा. मग वाचायला लागलो. शंभर मुलांत असतो तर वाचायला लागलो नसतो, हे स्वतःबद्दल मला पक्कं माहीत आहे.

मोठ्या बॅचचा त्रास मात्र वर्गात कमी आणि बाहेर जास्त जाणवतो. मूटची (लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेची) टीम तीन जणांची. बॅच ८० ची असो की २४०ची, टीम तीनचीच. प्लेसमेंटला येणाऱ्या फर्म्स जागा वाढल्या म्हणून दुप्पट मुलं घेत नाहीत. त्यामुळे "मोठं नाव आणि जागाही वाढल्यात, लागलं की सुटलो" असं मित्र म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो.

काकू, मुलाला एक विचारा: त्याला कोर्टात उभं राहायचंय की फर्ममध्ये बसायचंय? कोर्ट असेल तर जबलपूर वाईट नाही. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ तिथेच आहे, सुट्टीत इंटर्नशिपला गाव बदलावं लागत नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर | १४ डिसेंबर

आजच्या मुलांना एक तरी सुख आहे. माझ्या नणंदेनं २००७ मध्ये अर्ज केले तेव्हा प्रत्येक विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, डीडी वेगळा. एकीचा पेपर संपवून रात्रीच्या गाडीनं दुसऱ्या राज्यात. दोन परीक्षांच्या तारखा इतक्या जवळ की एक सोडावीच लागली, आणि सोडलेल्या परीक्षेच्या फीची वसुली सासूबाईंनी पुढची पाच वर्षं टोमण्यांत केली. कोणीतरी सर्वोच्च न्यायालयात गेलं, मग २००८ ला सात विद्यापीठांची मिळून पहिली क्लॅट झाली. दिल्लीच्या विधी विद्यापीठाची परीक्षा, आयलेट, मात्र आजही वेगळीच.

ड्रॉपबद्दल: करू नका. माझ्या मुलीनं केला. रँक सुधारला, पण वर्षभरात ती सात किलोनं उतरली आणि हसायची बंद झाली. नंतर सगळं ठीक झालं, पण ते वर्ष मला आठवतं.

---

पॅसेजवाला | १४ डिसेंबर

ड्रॉपवर मी काही म्हणणार नाही, कारण ड्रॉपरांवर आमचं पोट चालतं. वकिलीच्या भाषेत याला हितसंबंध म्हणतात.

(बरं, एवढं म्हणतो. २२१४ वरून ८००वर जाणारी मुलं मी पाहिली आहेत, ३००० वर जाणारीही. दुसरी जास्त.)

---

पॅसेजवाला | २१ डिसेंबर

धागा वर आणतोय. काल दिल्ली उच्च न्यायालयानं यंदाच्या पेपरातल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत उघड चूक असल्याचं सांगून निकाल सुधारायला सांगितलाय. अपील होणारच. म्हणजे रँक बदलतील आणि जागावाटप लांबेल. ताई, घाईनं कुठेही पैसे भरू नका. त्या मॅडमना म्हणावं, आमचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

---

राजेंद्रनगरची_आई | २७ एप्रिल २०२५

मंडळी, चार महिने झाले, अजून यादी नाही! वेगवेगळ्या राज्यांतल्या याचिका फेब्रुवारीत एकत्र करून दिल्लीला पाठवल्या, परवा २३ तारखेला तिथल्या खंडपीठाचा निकाल आला, आता सर्वोच्च न्यायालय. मुलानं यादरम्यान बोर्डाची परीक्षा दिली. सीयूईटीचा (विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा) फॉर्मही भरलाय, इंदूर विद्यापीठाच्या स्कूल ऑफ लॉसाठी. तो पर्याय मला इथे कोणी सांगितला नव्हता, दूधवाल्याच्या मुलीनं सांगितला. तिथलं शुल्क खासगीच्या मानानं फारच कमी आहे.

एक चांगलं झालं. तो निकालपत्रं वाचायला लागलाय. रोज जेवताना कुठला प्रश्न का चूक हे नानांना समजावतो. त्याला सोळा वर्षं शाळेत घालून जे जमलं नाही ते एका चुकीच्या आन्सर-कीनं केलं.

---

जुनाकोट | ८ मे

काल न्यायमूर्ती गवईंच्या खंडपीठानं निकाल दिला. काही प्रश्नांची उत्तरं बदलली, त्याप्रमाणे नवी यादी होणार. गवई आपले अमरावतीचे, येत्या आठवड्यात सरन्यायाधीश होतायत. नानांना सांगा, तेवढाच महाराष्ट्राचा हिशेब बरा.

---

राजेंद्रनगरची_आई | ३ जून

रँक २१५१ झाला. ६३ नी वर! पहिल्या यादीत जबलपूर, राज्याच्या कोट्यातून. फ्रीज करायचं (हीच जागा पक्की) की भोपाळच्या आशेनं फ्लोट ठेवायचं (जागा धरून पुढच्या यादीची वाट बघायची) यावर घरात दोन रात्री बैठक झाली. फ्लोट ठेवलं.

त्याआधी आम्ही जाऊन आलो. ओव्हरनाइट एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालो, सकाळी जबलपूर. विद्यापीठ बीएसएनएलच्या ट्रेनिंग सेंटरच्या आवारात आहे, त्यामुळे फाटकावर पाटी वाचून नवरा म्हणाला, "हे टेलिफोन खातं दिसतंय." झाडी भरपूर. मुलगा आत ग्रंथालय बघायला गेला, तर दीड तास बाहेर आला नाही. आम्ही कँटीनमध्ये. तिथे दोन मुली एका खटल्यावरून इतक्या भांडत होत्या की चहावाल्यानं मध्ये पडून विचारलं, जीता कौन?

परतताना मी त्या वीस मिनिटांवरच्या कॉलेजातही मुद्दाम जाऊन आले, कामाच्या दिवशी, अकरा वाजता. वर्ग मोठा, छान, एसी लावलेला. बाकं मोजली. एका रांगेत आठ, अकरा रांगा. मुलं नऊ. शिक्षक मोबाइलमध्ये. शिपाई म्हणाला, आज शुक्रवार आहे ना.

---

तिसऱ्या_वर्षात | ३ जून

काकू, फी आणि होस्टेल मिळून वर्षाला अडीच लाखांच्या आसपास धरून चाला, लॅपटॉप वेगळा. शैक्षणिक कर्जाचे कागद आत्ताच लावा, ऑगस्टमध्ये बँकेत सगळेच येतात. आणि त्याला म्हणावं कोट आत्ता शिवू नको. पहिल्या वर्षात सगळे जाड होतात.

---

राजेंद्रनगरची_आई | १९ जुलै

भोपाळ लागलं नाही. जबलपूर पक्कं. काल सोडून आलो.

नानांनी स्टेशनवर त्याच्या हातात जुनं फाउंटन पेन वगैरे दिलं असेल असं वाटत असेल तर नाही. त्यांनी दिली शेवेची दोन किलोची पिशवी आणि म्हणाले, "वर्गात किती आहेत ते मोजून कळव."

आज सकाळी फोन आला. त्यानं मोजले नव्हते. नाना चिडलेत.

---

गराडू | १९ जुलै

जबलपूरला खोव्याची जिलबी मिळते, पोराला एकटा सोडू नका. पंधरा दिवसांत कोट उसवेल.

---

कंपू_७२ | २ ऑगस्ट

नमस्कार, ग्वाल्हेरहून. पूर्ण धागा वाचला. आमची मुलगी या डिसेंबरमध्ये क्लॅट देणार, फॉर्म सुरू झालाय. तिचे वडील रेल्वेत, बदल्यांमुळे दहावी नागपूरला आणि बारावी इथे. आम्ही डोमिसाइलला काय लिहायचं?

---

राजेंद्रनगरची_आई | २ ऑगस्ट

मूल निवासी प्रमाणपत्र काढलंय का? तो रकाना भरण्याआधी फॉर्म बंद करा. आणि घरात झोपाळ्यावर कोणी बसलं असेल तर त्यांना विचारू नका.